चोरबटण

ही घटना खरी आहे. माझ्या सख्ख्या मामांनी ती भोगली आहे, आणि तिचं शेवटचं टोक माझ्याही वाट्याला आलं आहे.

भुताच्या गोष्टीत रात्र असते, अमावास्या असते, एखादं वडाचं झाड असतं. इथे त्यातलं काहीच नाही. १९९९ सालचा मे महिना, गुरुवार, आणि भर दुपारचं लख्ख ऊन. टोकावड्याहून डोंगराच्या अंगाला सहा किलोमीटर आत एक भाताची गिरणी होती, तिथे हे घडलं. गावाचं नाव सांगत नाही. गिरणीवाल्यांची मुलंबाळं अजून तिथेच राहतात, त्यांना कशाला त्रास.

माझ्या मामांचं नाव कान्हा. गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचे. मुरबाडपासून माळशेजच्या पायथ्यापर्यंत कुठलीही गाडी हटून बसली की लोक म्हणत, कान्हाला बोलवा. त्यांच्याकडे एक बल्ब होता, साधा, बारा व्होल्टचा, दोन वायरींना जोडलेला. वायरीचं एक टोक गाडीच्या पत्र्याला लावायचं आणि दुसरं टोक जिथे संशय असेल तिथे. करंट असेल तर बल्ब पेटतो, नसेल तर पेटत नाही.

"माणूस खोटं बोलंल, बल्ब खोटं बोलत नाय." हे मामांचं ठरलेलं वाक्य.

आणि त्यांचा हातखंडा म्हणजे चोरबटण.

तेव्हा गाड्या चोरीला फार जायच्या. मामा काय करायचे, चावीपासून इंजिनाला ठिणगी देणाऱ्या कॉइलकडे जी वायर जाते, ती मधेच तोडून तिथे एक छोटं बटण लपवून बसवायचे. ते बटण बंद असलं की चोर चावी फिरवो, सेल्फ मारो, चार माणसं धक्का मारोत. इंजिन नुसतं गुरगुरतं, चालू काही होत नाही. आणि बघणाऱ्याला वाटतं, गाडी बिघडली आहे.

गिरणीवाल्या गणूशेठच्या गाडीत मामांनी असं बटण बसवलं ते १९९४ साली, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. गाडी जुनीच होती, गोल दिव्यांची, गिअर स्टिअरिंगपाशी असलेली. शेठने ती हौसेने घेतली होती. दसऱ्याला झेंडूच्या माळा घालून पूजा केली, नवी लाल सीटकव्हरं घातली. बटणाची जागा दोघांनाच ठाऊक. डॅशबोर्डच्या खाली, अगदी आत, हात वाकडा केल्याशिवाय बोट पोचत नाही अशा ठिकाणी. दाबलं की बारीक आवाज यायचा.

टक्.

दसरा झाला आणि मामा कल्याणला एका गॅरेजात कामाला गेले. चार वर्षं तिकडेच होते. मागे गावाकडे काय झालं, त्यांना काही ठाऊक नव्हतं. हे लक्षात ठेवा, कारण मामा अजूनही ते स्वतःला सांगत असतात.

१९९९च्या सुरुवातीला मामा परत आले, टोकावड्याला नाक्यावर टपरी टाकली. मे महिन्यात शेठचा माणूस आला. "शेठनं बोलवलंय. गाडी चालू व्हत नाय. तूच पायजेस, दुसरा नको."

मामा फाट्यापर्यंत एसटीने गेले, पुढे हत्यारांची पेटी खांद्यावर घेऊन चालत. पोचेस्तोवर बारा वाजून गेले होते. गिरणीचा हंगाम संपला होता, त्यामुळे सगळं शांत. शेडखाली गाडी उभी. गणूशेठ खुर्ची टाकून बसला होता. पन्नाशीचा धिप्पाड माणूस, पण मामांना तो वाळल्यासारखा वाटला.

"आठ दिवसांवर पोरीचं लगीन हाय," शेठ म्हणाला. "तिला याच गाडीतनं न्यायचीय, नि मला तिच्या बाजूला बसायचंय. चार साल झाली, कान्हा, मी बसलो की गाडी बंद पडते."

"तुमी बसलात की?"

"डायवर बसतो तर चालू. पोरगी बसते तर चालू. मी पाय ठेवला की खलास. तीन मिस्त्री झाले. कॉइल बदलली, प्वाइंट बदलले. ते हसतात, म्हनतात गाडीला शेठ पसंत नाय."

मामाही हसले. "बटनाचं सांगलंत का त्यांना?"

शेठने चटकन इकडेतिकडे बघितलं. "नाय. नि तूपन कोनाला बोलू नकोस."

मामांना तेव्हा यात काही वावगं वाटलं नाही. चोरबटणाची जागा कुणी सांगत नसतंच.

कामाला सुरुवात झाली. हॉर्न मारला, खणखणीत वाजला. दिवे लावले, झगझगीत. म्हणजे बॅटरी ठणठणीत. शेठला गाडीत बसवून सेल्फ मारायला सांगितला. इंजिन जोरात फिरलं, पण चालू झालं नाही. मामांनी प्लगची वायर काढून पत्र्याजवळ धरली.

ठिणगी नाही.

मग बल्ब काढला. चावीच्या मागे लावला, पेटला. तिथवर करंट येत होता. कॉइलपाशी लावला, नाही पेटला. म्हणजे चूक या दोन जागांच्या मधे. आणि मधे होती दोन हात वायर आणि मामांनी बसवलेलं बटण.

"बटनच खराब झालंय, शेठ. दोन मिन्टांचं काम हाय." मामांना हायसं वाटलं.

ते कॉइलवरची धूळ पुसायला वाकले आणि त्यांना वास आला...

कापलेल्या भाताचा वास.

कॉइलच्या मागे, वायरींच्या गुंत्यात, भाताच्या काड्या अडकल्या होत्या. उंदीर पेंढा ओढून नेतात, त्यात नवल नाही. पण या काड्या हिरव्या होत्या. ओल्या. लोंबीत दाणा भरलेला, नुकताच विळा लागल्यासारखा. मे महिन्यात शिवारात भाताचं एक हिरवं पान नसतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

मामांनी त्या काढून फेकल्या. कुणीतरी गुरांसाठी कुठून तरी चारा आणला असेल, असं मनाशी म्हणाले.

त्यांनी डॅशबोर्डखाली पाठीवर आडवं होऊन बटण काढलं, दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन जोडल्या, वर पट्टी गुंडाळली. बटण खिशात टाकलं. आता मधे काहीच उरलं नव्हतं. मामा स्वतः बसले, चावी फिरवली, गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली.

"या शेठ, बसा."

शेठ बसला. दार लावलं. मामा बॉनेटजवळ उभे होते, बल्ब कॉइलला लावलेला, छान पेटलेला.

आणि मग आवाज आला...

टक्.

बल्ब विझला. इंजिन बंद.

मामांनी आधी शेठकडे बघितलं. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मग त्यांनी स्वतःचा खिसा चाचपला. बटण खिशातच होतं.

"आयकलास?" शेठने विचारलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "चार साल मी ह्येच आयकतोय."

मामांनी त्याला उतरायला सांगितलं. बल्ब पेटला. बसायला सांगितलं.

टक्. विझला.

असं तीनदा झालं. मामांनी बल्ब बदलून बघितला, वायर बदलून बघितली. पंधरा वर्षांच्या कामात करंटने त्यांना असं कधी फसवलं नव्हतं.

शेठ घरात जेवायला निघून गेला. मामा ओट्यावर टेकले. गिरणीत झाडलोट करणारी म्हातारी, जनाबाई, तांब्याभर पाणी घेऊन आली. वरच्या पाड्यावरची. तिचा मुलगा कमळू त्याच गिरणीत हमाल होता, तो मागे गोणी रचत होता.

"नाय व्हायाची ती चालू, दादा," जनाबाई म्हणाली. "त्या दिशीपन अशीच नाय झाली."

"कंच्या दिशी?"

"माझी सून गेली त्या दिशी. सावळी."

मामांनी तांब्या खाली ठेवला.

जनाबाईने सांगितलं ते असं. १९९४चीच भातकापणी, दसऱ्यानंतरची. सावळी शेठच्याच शेतात मजुरीने भात कापत होती. भल्या सकाळी तिला घोणस चावली. कमळूने तिला खांद्यावर टाकून गिरणीपर्यंत आणली. मुरबाडचा दवाखाना दूर, आणि इथे गाडी एकच, शेठची.

"या वट्यावं निजवली व्हती तिला. तू बसलायस ना, हितंच. पाय ह्यो येवढा सुजला व्हता. शेठ लगेच गाडीत बसला. सेल मारतंय, मारतंय, गाडी काय चालू व्हत नाय. मंग आमचा कमळू नि आनखी दोघं ढकलाया लागले. त्या फाटकापासनं या हिरीपर्यंत. पुना माघारी. अर्धा तास. कमळूच्या तोंडातनं फेस आला व्हता. शेठपन घामाघूम झाला व्हता बिचारा."

बिचारा... तिने असंच म्हटलं.

"मंग?"

"मंग काय. झोळी केली, चालत निंगालो. फाटा बी आला नाय तवर गेली." तिने पदराने तोंड पुसलं. "येकच बोलत व्हती रे, सारखी. 'आत्ये, त्याचा हात बघा. त्याचा हात बघा.' आमाला काय कळला नाय. इख डोक्यात चढला असंल."

मामांना कळलं.

जगात दुसऱ्या कुणालाही कळलं नसतं, पण त्यांना त्याच क्षणी कळलं. ते बसले होते तिथून, ओट्यावरून, गाडीच्या उघड्या दारातून डॅशबोर्डखालची जागा सरळ दिसत होती. नवऱ्याने छाती फुटेस्तोवर गाडी ढकलली, आणि ती इथे पडून बघत होती... शेठचा हात खाली जाताना. आवाजही तिने ऐकला असेल.

खिशातलं बटण मामांना मांडीला टोचायला लागलं.

त्यांनी जनाबाईला काही सांगितलं नाही. "त्या शेठनं तुझी सून मारली" एवढंच सांगायचं असतं तर कदाचित सांगितलंही असतं. पण पुढचा प्रश्न आला असता, बटण बसवलं कुणी?

शेठ जेवून आला. मामा उठून त्याच्यापाशी गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "शेठ, सावळीच्या वक्ताला बटन बंद व्हतं."

शेठने नाही म्हटलं नाही. वाईट वाटल्याचं सोंगही केलं नाही.

"नवी पुजलेली गाडी, कान्हा. दसऱ्याचा हार पन उतरला नव्हता. ती वाटंत मेली असती तर? मयत झालेल्या गाडीत मी माझी पोरंबाळं बसवू? तोंडावर नाय कसा बोलू, शंभर मान्सं माझ्या शेतात राबतात. म्हनून केला तसा. ती तशीपन वाचनार नव्हती." मग तो मामांकडे रोखून बघत म्हणाला, "नि बटन मी नाय बसवलं. तू बसवलंस."

मामा म्हणतात, आयुष्यात कुणी कानाखाली मारली असती तरी इतकी लागली नसती. त्यांनी पेटी आवरायला घेतली.

"काम अर्धं टाकून जातोस? दाखव कुटनं काढलंस ते. त्यातच काय तरी हाय." शेठ तणतणत गाडीत बसला, डावीकडे वाकला आणि त्याने हात डॅशबोर्डखाली घातला.

शेडच्या पत्र्यावर चिमण्यांचा कलकलाट चालला होता. तो थांबला...

मागे गोणी आपटण्याचा आवाज थांबला...

"सोड," शेठ म्हणाला. "कान्हा, हात सोड माझा."

मामा बॉनेटपाशी उभे होते. गाडीत दुसरं कुणी नव्हतं.

"सोड! सोड रे!"

तो हात ओढत होता आणि हात येत नव्हता. दंडाची शीर फुगली होती. मामांना पाय उचलता येईना. मग एकदम हात सुटला आणि शेठ सीटवर मागे आपटला. मनगटापाशी दोन बारीक ठिपके होते. रक्ताचा थेंबही नव्हता. त्याच्या मुठीत मात्र भाताची हिरवी काडी होती.

"साप!" मामा ओरडले. दुसरं काय ओरडणार?

कमळू धावत आला, अजून एक हमाल आला. गाडीखाली, सीटखाली, सगळीकडे काठ्या मारल्या. साप नाही. शेठचे ओठ निळे पडायला लागले. घरातून टोकावड्याच्या नाक्यावर फोन लावला. त्या दिवशी लग्नाची मोठी तिथी, सगळ्या जीपा वऱ्हाडं घेऊन गेलेल्या. एखादी परतली की पाठवतो, असं उत्तर आलं. शेठच्या गाडीचा डायवरही लग्नालाच गेला होता.

मग शेठला त्याच्याच गाडीच्या मागच्या सीटवर निजवलं आणि मामा स्टिअरिंगवर बसले.

सेल्फ मारला. इंजिन फिरलं, चालू झालं नाही.

मामांना मनातून ठाऊक होतं. तरी त्यांनी उतरून बॅटरीपासून कॉइलपर्यंत थेट नवी वायर टाकली. आता मधे चावी नव्हती, पट्टी नव्हती, जोड नव्हता. कारागिराने करण्यासारखं जे होतं ते सगळं केलं. बल्ब लावला, पेटला. मामा देवाचं नाव घेत परत बसले, आणि...

टक्.

"धक्का मारा!" घरातलं कुणीतरी ओरडलं.

कमळूने मागून खांदा लावला. फाटकापासून विहिरीपर्यंत. पुन्हा विहिरीपासून फाटकापर्यंत. मे महिन्याचं ऊन, पायाखाली तापलेली खडी, आणि तो माणूस दात आवळून गाडी ढकलत होता. मामा आरशात त्याचा चेहरा बघत होते. आणि ओट्यावर जनाबाई उभी होती, तिथेच, सावळीला निजवलं होतं तिथे.

"कान्हा, कर रे चालू..." शेठ मागून म्हणायचा. "तुज्या पाया पडतो. बटन चालू कर रे."

मामांचा उजवा हात स्टिअरिंगवर होता. डावा गिअरवर. आणि गिअरवरच्या हातावर दुसऱ्या कुणाचा तरी हात होता. दिसत नव्हता. गार, खरखरीत, विळा धरून घट्टे पडलेल्या बाईचा हात. तो काही करत नव्हता. नुसता होता.

मामा रडायला लागले. "मला ठाव नव्हतं," ते पुटपुटले. "आईशपथ, मला ठाव नव्हतं."

हात काही हलला नाही.

अर्ध्या तासाने मागून आवाज यायचा थांबला. कमळूने खिडकीतून डोकावून बघितलं आणि हळूच टोपी काढली.

त्याच वेळी सेल्फ न मारता, चावीला कुणी बोटही न लावता, इंजिन आपोआप चालू झालं. गाडी मऊ, एकसारखी चालत राहिली. जी गाडी मयतापासून जपली, तिच्याच लाल सीटवर गणूशेठ मरून पडला होता.

डॉक्टर म्हणाले, विषाचं काही लक्षण नाही, हृदय बंद पडलंय. दोन ठिपक्यांबद्दल विचारलं तर म्हणाले, काटा बोचला असेल.

मामा निघाले तेव्हा कमळू त्यांना फाट्यापर्यंत सोडायला आला. चालता चालता म्हणाला, "मानूस चांगला व्हता. आमच्या सावळीसाठी त्यानं पन असाच जीव काडला व्हता." मामांनी खाली बघून मान हलवली. तेव्हाही सांगितलं नाही.

त्या दिवसानंतर मामांच्या हातात बल्ब पेटला नाही. चेष्टा नाही करत. तोच बल्ब, तीच बॅटरी, मी धरला तर पेटायचा, मामांनी धरला तर नाही. दोन महिन्यांत टपरी बंद केली, शहापूरला आमच्याकडे येऊन राहिले, बाजारात कांदे-बटाटे विकायला लागले. घरचे विचारत, एवढा हातातला धंदा का सोडलास? मामा तराजू पुसत बसायचे.

२००७च्या दिवाळीनंतर कमळूचा फोन आला. जनाबाईचं काही खरं नाही, पाणीसुद्धा गिळत नाही, पण सारखं कान्हादादाला बोलवा म्हणतेय. मामा रात्रभर बसून होते. सकाळी मला म्हणाले, "गाडी काढ. मला तिला येक गोष्ट सांगायचीय. आठ साल झाली."

माझी गाडी जुनी, पण चालू. बॅटरी गणपतीत नवीन टाकलेली. मामा शेजारी बसले. मी चावी फिरवली. इंजिन फिरलं, चालू झालं नाही. पुन्हा फिरवली.

आणि आवाज आला... डॅशबोर्डच्या खालून, अगदी आतून...

टक्.

मी म्हटलं, "मामा, हे काय वाजलं?"

मामा पांढरेफटक पडले होते. "मी उतरतो. मंग बघ."

ते उतरले. गाडी चालू झाली. ते बसले, बंद झाली. माझ्या गाडीत चोरबटण नाही. कधीच नव्हतं.

"सावळी मला जाऊ देत नाय," मामा म्हणाले.

आम्ही एसटीने गेलो. शहापूरहून मुरबाड, मुरबाडहून टोकावडे, पुढे पायी. त्या प्रवासात मामांनी मला हे सगळं सांगितलं, खिडकीबाहेर बघत, एकदाही माझ्याकडे न बघता. बाहेर दोन्ही बाजूंना भाताची कापणी चालली होती.

पाड्यावर पोचलो तेव्हा जनाबाईला जाऊन अर्धा तास झाला होता.

कमळू मामांच्या गळ्यात पडून रडला. "लय वाट बघितली तुमची. शेवटपर्यंत इचारीत व्हती, कान्हादादा निंगाला का? गाडी चालू झाली का त्याची?"

आम्ही गाडीने यायला निघालो होतो, हे आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी मामांच्या तोंडाकडे बघत होतो. आता तरी सांगतील, निदान कमळूला. त्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं. आणि कमळूच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

मी खूप चिडलो त्यांच्यावर. परतीच्या एसटीत मुद्दाम वेगळ्या सीटवर बसलो. मनात म्हटलं, इतका कसा माणूस भित्रा असतो? मी असतो तर सांगून मोकळा झालो असतो.

पुढे तीनचार वेळा कमळू भेटला. एकदा शहापूरच्या बाजारात, हातात करवंदांची टोपली, म्हणाला, "मामांना द्या, आईच्या वक्ताला येवढ्या लांबनं आले व्हते." मी टोपली घेतली. हसलो. त्याच्या पोरांची चौकशी केली.

मीही सांगितलं नाही.

मामांचं नाव आहे त्यात, आईचा सख्खा भाऊ... कसं सांगणार, तुम्हीच सांगा.

त्या दिवशी बाजारातून परत आलो, टोपली मागच्या सीटवर ठेवली आणि गाडीत बसलो. मामा घरी होते. गाडीत मी एकटाच होतो. चावी लावायच्या आधी मला वास आला, ओल्या भाताचा, आणि मी हात जागच्या जागी थांबवला.

मग खालून आवाज आला...

टक्.